सुमनताईंची जाहिरात

सुमनताई शेवकर माझ्या ऑफिसात आल्या की कधी सरळ खुर्चीत बसल्या नाहीत. आधी खुर्ची बोटभर पुढे ओढायच्या, पाठ टेकवून बघायच्या, पाय जमिनीला नीट पुरतात का ते चाचपायच्या, मग पुन्हा किंचित मागे सरकवायच्या. एवढं सगळं झाल्यावर पदर सावरून म्हणायच्या, "हं, बोला मोकाशी." बिबवेवाडीत मी कित्येक वर्षं लोकांची इन्कम टॅक्सची कामं करतोय. माझ्यासमोर घाबरून बसणारी माणसं पाहिली, खोटं बोलण्याच्या तयारीने बसणारी तर रोजच पाहतो. सीट जुळवून बसणाऱ्या या एकट्याच.

त्या गेल्या त्याला आता वर्ष होत आलं. परवा एका नव्या गिऱ्हाइकाने बसताना सहज ती खुर्ची पुढे ओढली आणि मी दोन मिनिटं त्या खुर्चीच्या पायांकडेच बघत राहिलो. त्याला वाटलं असेल, याचं काहीतरी बिनसलंय.

ताई लोणची करायच्या. सोसायटीच्या तळमजल्यावर दोन गाळे, त्यात बरण्यांची रांग, मोहरी कुटायचं यंत्र आणि कामाला चार बायका. नाव 'यमुनाबाई लोणची'. यमुनाबाई म्हणजे त्यांच्या सासूबाई. त्या केव्हाच वारल्या होत्या, पण झाकणावर त्यांचा फोटो होता, आणि त्या फोटोतही हे लोणचं त्यांना फारसं पसंत पडलेलं दिसत नव्हतं.

पहिल्यांदा आल्या तेव्हा त्यांनी खर्चाची बिलं नीट गठ्ठे बांधून आणली होती. मीठ, मोहरी, तेल, बरण्या. 'जाहिरात' अशी चिठ्ठी लावलेला एक गठ्ठा होता. मला वाटलं, पेपरात टाकायची पत्रकं असतील. उघडून बघतो तर चार टायरचं बिल.

"ताई, हे चुकून इकडे आलंय. टेम्पोचं असेल तर वाहनखर्चात घेऊ."

"टेम्पोचं नाही. ते जाहिरातीतलंच आहे."

"टायर? जाहिरातीत?"

"अहो, चाकांशिवाय जाहिरात फिरणार कशी?"

त्या हसल्या नाहीत, म्हणून मीही हसलो नाही. पुढचं बिल शॉक अ‍ॅब्सॉर्बरचं होतं. त्याच्यापुढे स्पर्धेच्या प्रवेश फीची पावती. शेवटी हेल्मेट. मी ते बिल त्यांच्यासमोर धरलं.

"आणि जाहिरात करताना डोकं फुटलं तर?" त्या म्हणाल्या.

अशा रीतीने मला कळलं की पन्नाशी ओलांडलेल्या, नऊवारी नाही पण कायम सुती साडीत असणाऱ्या या बाई मोटारींच्या शर्यतीत उतरतात. शर्यत म्हणजे टीव्हीवर दाखवतात तसली नव्हे. मातीचं मोकळं मैदान घ्यायचं, रस्ता खोदल्यावर ठेवतात तसले केशरी शंकू मांडून त्यात वाकडीतिकडी वाट आखायची आणि एकेका गाडीने ती पार करायची. सगळ्यात कमी वेळ ज्याला लागेल तो जिंकला. ताईंची गाडी म्हणजे एक जुनी पांढरी छोटी मोटार, मागची सीट काढलेली, आत लोखंडी पाइपांचा पिंजरा बसवलेला. आणि बॉनेटवर, दोन्ही दारांवर, टपावर मोठ्या लाल अक्षरांत सासूबाई.

मी त्यांना सरळ सल्ला दिला. एवढ्या उलाढालीच्या धंद्याला सरकारची एक साधी योजना आहे. उलाढालीच्या ठरावीक टक्के नफा दाखवायचा आणि मोकळं व्हायचं. खर्चाची एकही पावती जपायला नको. ताईंना करही कमी बसला असता, आणि मलाही शॉक अ‍ॅब्सॉर्बर लोणच्यात घालावे लागले नसते.

त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं. मग विचारलं, "त्यात जाहिरात कुठे लिहायची?"

"कुठेच नाही. खर्च लिहायचाच नाही."

"मग नको," त्या म्हणाल्या. "आपण सगळं लिहू. कर जास्त बसला तर बसू दे."

कर जास्त बसू दे म्हणणारं माणूस माझ्याकडे त्याआधी आलं नव्हतं, नंतरही आलं नाही. मला वाटलं, बाईंना विषय कळलेला नाही. त्यांना तो माझ्यापेक्षा चांगला कळला होता, हे समजायला मला फार वेळ लागला.

ताईंचं माहेर मांजरीचं. घरची उसाची शेती. ऊस तुटून गेला की रानात जो चिखल होतो, त्यातून वडिलांची जीप बाहेर काढण्याचं काम यांचं. भावांना जमायचं नाही, ते चाकं फिरवत बसायचे आणि गाडी आणखी रुतवायचे. "चिखलात जोर लावायचा नसतोय," त्या सांगायच्या, आणि मांजरीचं बोलणं निघालं की त्यांची भाषाही तिकडे जायची. "चिखल काय म्हणतोय ते बुडाला कळतंय. ऐकायचं, आन् मग हळूच दाबायचं." लग्न होऊन त्या बिबवेवाडीला आल्या आणि पुढची सगळी वर्षं त्यांनी चिखल पाहिला तो फक्त पावसाळ्यात गाळ्याच्या दारात.

एकदा मातीच्या शर्यती भरवणाऱ्या लोकांनी त्यांना मैदानावर लोणच्याचा स्टॉल लावायला बोलावलं. ताई स्टॉलवर बसल्या खऱ्या, पण दुपारी एक मुलगा वळणावर गाडी गोल फिरवून बसला तेव्हा त्यांना राहवलं नाही. त्यांनी त्याला जाऊन सांगितलं, की तू ब्रेक उशिरा दाबलास. तो म्हणाला, "आंटी, तुम्ही चालवून दाखवा ना मग." त्यांनी चालवून दाखवली. साडीत. त्याच्यापेक्षा कमी वेळात. मग घरी येऊन त्यांनी नवऱ्याला सांगितलं, की स्टॉलवर येतात तेवढेच लोक नाव बघतात, गाडीवर लिहिलं तर अख्खं मैदान बघेल.

नवरा म्हणजे दत्तात्रय शेवकर, सगळे त्यांना अण्णा म्हणत. सहकारी बँकेतून निवृत्त झालेले. उंच, ताठ, शर्टाचं वरचं बटण कायम लावलेलं. वाईट माणूस मुळीच नव्हे. आवाज कधी चढायचा नाही, पानात वाढलेलं कधी टाकायचे नाहीत. फक्त ज्या गोष्टीचा उपयोग नाही ती गोष्ट करायचीच कशाला, हे त्यांना खरोखर कळत नसे. हा नियम त्यांनी स्वतःलाही लावला होता. तरुणपणी ते बँकेच्या संघातून कॅरम खेळायचे आणि चांगले खेळायचे, असं ताईंकडून कळलं. लग्न झालं आणि त्यांनी तो बोर्ड एका मित्राला देऊन टाकला. संसाराला लागल्यावर हौस हा शब्द त्यांच्या घरात कधी कोणी उच्चारला नाही.

दर वर्षी विवरणपत्र भरायच्या आधी दोघं मिळून यायचे. ताई खुर्ची जुळवून बसायच्या, अण्णा शेजारी. मग अण्णा खर्चाचा कागद हातात घेऊन एकेक ओळ मोठ्याने वाचायचे. मीठ. मोहरी. तेल. बरण्या. मजुरी. 'जाहिरात' आली की थांबायचे, चष्मा काढायचे आणि ताईंकडे न बघता विचारायचे, "उपयोग?"

ताई पिशवीतून एक चिठ्ठी काढायच्या. मैदानावर ओळख होऊन ज्यांनी लोणचं मागवलं त्यांची नावं. अण्णा वाचायचे, मान डोलवायचे, चष्मा लावायचे आणि पुढच्या ओळीवर जायचे. मला गंमत वाटायची. एकदा मी गमतीने म्हणालोही, "अण्णा, इन्कम टॅक्सचे अधिकारी परवडले." अण्णा म्हणाले, "ते एकदाच विचारतात. मी घरचा आहे." ताई तेव्हा पिशवीचा बंद घट्ट धरून बसल्या होत्या. ते मी पाहिलं होतं, पण त्याचा अर्थ लावायचं काही कारण मला दिसलं नव्हतं.

एका रविवारी ताईंच्या आग्रहावरून मी मैदानावर गेलो. मांजरीच्या पलीकडे कुठल्याशा बिल्डरने सपाट करून ठेवलेली जमीन होती. आजूबाजूला इमारती उठत होत्या, मधेच एखादा उसाचा तुकडा शिल्लक. ताईंनी बोट करून एक बारा मजली इमारत दाखवली. "त्या तिथं आमची विहीर हुती," एवढंच म्हणाल्या आणि कपडे बदलायला गेल्या.

शर्यतीचा निळा पोशाख घालून बाहेर आल्या तेव्हा मी त्यांना ओळखलंच नाही. कपडे हे कारण नव्हतं. चालणं वेगळं होतं. त्यांनी हातातल्या बांगड्या उतरवल्या, गळ्यातलं काढलं, रुमालात बांधलं आणि माझ्या हातात दिलं. "सांभाळा. राजूकडे दिलं तर तो ग्रीस लावून ठेवेल." राजू म्हणजे त्यांचा मेकॅनिक. मग त्या आखलेल्या वाटेवरून एकदा पायी चालून आल्या, प्रत्येक शंकूपाशी थांबत, ओठ हलवत. "वळणाला आणि लोणच्याला घाई केली की नासतं," परत आल्यावर म्हणाल्या. "आत जाताना जीव आवरायचा. बाहेर पडताना सोडायचा."

आणि मग त्यांनी सोडला. मी स्कूटरसुद्धा चाळिसाच्या वर नेत नाही. मला त्यातलं काही कळत नाही. पण ती पांढरी गाडी धुरळ्यातून तिरकी होत वळणात शिरली, आणि रात्री टँकरने पाणी मारून केलेल्या चिखलातून सरळ होऊन बाहेर पडली, तेव्हा माझ्या हातातल्या बांगड्या मी इतक्या घट्ट धरल्या की त्यांचे वळ उठले. कडेला उभी असलेली आयटीतली पोरं ओरडत होती, "आंटी, कसला क्लीन रन होता यार! एकदम भारी!" ताई गाडीतून उतरल्या, हेल्मेट काढलं आणि हसल्या. तोंडभर, डोळे मिटून, मान मागे टाकून. माझ्या ऑफिसात इतकी वर्षं येणाऱ्या बाईंना असं हसता येतं हे मला माहीत नव्हतं.

पोरांनी फोन काढून भराभर फोटो घेतले. ताईंच्या हे लक्षात आलं तेव्हा त्यांचं हसू लगेच आटोपलं. त्यांनी गाडीकडे बघितलं. बॉनेटवर, दारांवर, सगळीकडे चिखल. यमुनाबाईंची अक्षरं दिसतसुद्धा नव्हती.

"अरे, हे फोटो कुठं टाकू नका बरं का," त्या म्हणाल्या. "आईंचं नाव असं दिसायला नको. अण्णांना नाही आवडायचं."

मग मैदान रिकामं होईपर्यंत त्या थांबल्या. राजूने बादलीतून पाणी आणलं. ताईंनी ओलं फडकं घेऊन आधी नाव पुसलं, फक्त नाव. बाकीची गाडी चिखलात तशीच. नाव लखलखीत झाल्यावर त्यांनी राजूला फोटो काढायला लावला. हाच फोटो फाइलला लागायचा. दर शर्यतीनंतर त्या असंच करायच्या. पण ती वेळ येईपर्यंत मैदानावर माणूस उरलेला नसायचा.

परतताना त्यांनी गाडी इतकी हळू चालवली की हडपसरला एका रिक्षावाल्याने मान बाहेर काढून आमची चौकशी केली. "मैदानावर जोरात जायचं असतं," ताई म्हणाल्या. "रस्त्यावर लोकांची पोरं असतात." वाटेत कुठेतरी त्यांनी गळ्यातलं मागून घेतलं आणि सिग्नलला थांबल्यावर आरशात बघून घातलं.

त्यानंतरच्या वर्षी नोटीस आली. आता कुठल्या साहेबासमोर जाऊन उभं राहायचं नसतं. संगणकावर प्रश्न येतो, संगणकावरच उत्तर द्यायचं, पलीकडे कोण बसलंय ते कळत नाही. प्रश्न साधा होता. लोणच्याच्या एवढ्याशा धंद्यात जाहिरातीवर इतका खर्च, त्यात टायर आणि हेल्मेट. हा खर्च पूर्णपणे आणि केवळ धंद्यासाठी होता हे दाखवा.

मी ताईंना फोन करून एकट्याच या म्हणून सांगितलं. मुद्दा सोपा होता. "सोडून द्या," मी म्हणालो. "हा खर्च आपण मागे घेतो, जो काय थोडा कर होईल तो भरतो, विषय संपला. तुमची शर्यत काही कोणी बंद करत नाही."

खुर्ची त्या दिवशी त्यांनी जुळवली नव्हती.

"मागे घेतला म्हणजे काय लिहिणार?"

"वैयक्तिक खर्च."

"मग नाही घेता येणार," त्या म्हणाल्या. "मोकाशी, तुम्हाला वाटत असेल मी कर वाचवायला हे लिहिते. मला कराचं काय करायचंय? आमच्याकडे हे जाहिरात म्हणून चालतं. हौस म्हणून नाही चालायचं. अण्णा भांडणार नाहीत, अडवणार नाहीत. नुसतं बघतील. मला त्या बघण्यात गाडी चालवता येणार नाही."

तेव्हा मला ती दर वर्षीची चिठ्ठी आठवली, आणि पिशवीचा घट्ट धरलेला बंद. इतकी वर्षं ज्याची मला गंमत वाटत होती, ती त्यांची परीक्षा होती. दर वर्षी पास झाल्या तर पुढचं वर्ष मिळायचं.

मी म्हणालो, "ठीक आहे, लढू. पण मला एक खरं सांगा. एकही बरणी खपली नसती तरी चालवली असती?"

"हे तुम्ही विचारू नका," ताई म्हणाल्या. त्यांचे डोळे भरून आले होते. "पूर्णपणे आणि केवळ म्हणे. लोणचं घालताना अर्धं लक्ष घरात, घरात असताना अर्धं गाळ्यात. माझ्या जन्मात पूर्णपणे आणि केवळ असं काय हाय?"

मी खाली बघून फाइल चाळत राहिलो.

उत्तर लिहायला बसलो तेव्हा अडचण कळली. फोटो ढीगभर होते, पण सगळे सारखे. उभी गाडी, पुसलेलं नाव आणि मागे ओसाड मैदान. मी ताईंना म्हणालो, त्या पोरांकडचे फोटो मागवा. गर्दी दिसेल, गाडी पळताना दिसेल, लोक टाळ्या वाजवताना दिसतील. तोच आपला पुरावा.

"त्यात नाव दिसत नाही. नुसता चिखल आहे."

"असू दे की. हे नि ते मिळून लावू."

"अण्णा कागद वाचल्याशिवाय पाठवू देणार नाहीत. आईंना त्यांनी शेवटी स्वतःच्या हाताने आंघोळ घातलीये, मोकाशी. ते नाव चिखलात बघितलं तर त्यांना काय वाटेल?" मग हळूच म्हणाल्या, "आणि त्यात मी हसतेय."

मी बराच वेळ समजावलं. त्या ऐकल्या नाहीत. स्वच्छ नावाचे फोटो गेले.

आदेश आला तो दोन ओळींत सांगण्यासारखा होता. छायाचित्रांत प्रेक्षक दिसत नाहीत, गाडी मालकीणबाई स्वतःच चालवतात, सबब हा वैयक्तिक छंदावरचा खर्च असून तो नामंजूर. माझं मत विचाराल तर पलीकडच्या माणसाचं काही चुकलं नव्हतं. समोर ठेवलं तेवढंच त्याला दिसलं.

पण तो आदेश ताईंच्या हातात पडलाच नाही. धंदा ताईंचा, पॅन ताईंचं, आणि नोंदवलेला ई-मेल अण्णांचा. आमच्याकडे निम्म्या बायकांचे धंदे असेच असतात. बाईला कुठे मेल बघायला वेळ असतो, म्हणून सुरुवातीलाच नवऱ्याचा पत्ता टाकून ठेवलेला असतो. मी कॉम्प्युटर सुरू करायच्या आधी अण्णांनी सकाळच्या चहाबरोबर तो वाचला होता.

ताई दुपारी आल्या. त्यांनीच सांगितलं. अण्णांनी कागदाची प्रिंट काढली, चष्मा लावून ती पुन्हा वाचली आणि टेबलावर ठेवली. म्हणाले, "वैयक्तिक छंद, असं लिहिलंय." मग चष्मा काढला.

"मग?"

"मग काय? उपयोग विचारलाच नाही या वेळी."

मी म्हणालो, आपण अपील करू. नवीन पुरावा देता येतो. मी तुमच्याकडून फीसुद्धा घेणार नाही, आणि मी फी सोडतो म्हणजे काय ते बिबवेवाडीत कोणालाही विचारा. ताई हसल्या नाहीत.

"अपिलात काय सांगणार? त्यांनी खोटं थोडंच लिहिलंय?"

जिन्यापर्यंत मी त्यांच्याबरोबर गेलो. त्या म्हणाल्या, "अण्णा काहीतरी बोलले असते ना, तर मी भांडले असते. मला भांडता येतं हो. पण ते बोललेच नाहीत." आणि कठड्याला धरून एकेक पायरी उतरत गेल्या. वळणावर कधीही न डगमगणारी बाई जिना अशी उतरते हे मला बघवेना.

पुढच्या वर्षी त्या एकट्याच आल्या. गठ्ठे नव्हते, चिठ्ठी नव्हती. "ती तुमची साधी योजना घाला आता," म्हणाल्या. मी आकडा टाकला, पाच मिनिटांत काम झालं. कर खरोखरच कमी बसला. त्यांच्या कामात एवढं सोपं वर्ष मला कधी मिळालं नव्हतं.

त्यानंतरच्या कैऱ्यांच्या दिवसांत, गाळ्यात फोडी वाळत घातलेल्या असताना, ताईंचं डोकं दुखायला लागलं. मेंदूत रक्तस्राव झाला होता. दवाखान्यातून त्या परत आल्याच नाहीत.

महिन्याभराने अण्णा माझ्याकडे आले. गेलेल्या माणसाचंही शेवटचं विवरणपत्र भरावं लागतं, वारसाने. त्यांनी कागद आणले होते, सगळे क्रमाने लावलेले. शर्टाचं वरचं बटण उघडं होतं. ते ताईंच्या खुर्चीत बसले नाहीत, शेजारच्या आपल्या नेहमीच्या खुर्चीत बसले. सह्या झाल्यावरही उठेनात.

"ती मुलं भेटायला आली होती," ते म्हणाले. "मैदानावरची. मला तर माहीतही नव्हती. दारात उभी राहून रडत होती हो. मला विचारत होती, आंटी नंतर का नाही आल्या? मी काय सांगणार? मग एकाने फोनवर तिचा व्हिडिओ दाखवला. सगळा चिखल. आईचं नावबिव काही दिसत नव्हतं." त्यांनी टेबलावरचे कागद सरळ केले. "ती हसत होती. मी तिला असं हसताना कधी बघितलं नाही. एवढ्या वर्षांत. माझ्यासमोर का नाही हसली असेल?"

अण्णांनी चष्मा काढला. नेहमीच्या सवयीने काढला असेल असं मला वाटलं, पण ते डोळे पुसत होते.

"मोकाशी, खरं सांगा. जाहिरातच होती ना ती? की तिला आवडायचं?"

"तुम्हाला काय वाटतं?"

"मला सांगितलं असतं एकदा, की मला आवडतं म्हणून..."

"तर चाललं असतं?"

त्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. "माहीत नाही," म्हणाले. खोटं बोलले नाहीत, याबद्दल मला त्यांच्याविषयी आदर वाटला. मग मी त्यांना ताईंचं शेवटचं दर्शन मला कुठे झालं ते सांगितलं.

त्या साध्या वर्षाच्या विवरणपत्राची पोचपावती द्यायला मी शेवकरांच्या सोसायटीत गेलो होतो. गाळा बंद दिसला म्हणून मागे पार्किंगमध्ये डोकावलो. कोपऱ्यात ती गाडी उभी होती. विकायची म्हणून केव्हाच झाकून ठेवलेली. पण ड्रायव्हरच्या बाजूचं कापड वर सरकवलेलं होतं, आणि आत ताई बसल्या होत्या. गाडी बंद. हेल्मेट नाही, निळा पोशाख नाही, कामाची जुनी साडी आणि हाताला हळद. पाठ सीटला टेकलेली, दोन्ही हात स्टिअरिंगवर, डोळे मिटलेले. ओठ हलत होते. हात थोडा डावीकडे जायचा, पाय आत दाबला जायचा, थांबायचा, मग हलकेच सुटायचा. मला गाड्यांतलं काही कळत नाही, पण त्या वळणात कधी शिरतायत आणि बाहेर कधी पडतायत, ते मला तिथे उभ्या उभ्या कळत होतं. मी खांबाआड थांबून राहिलो. शेवटच्या वळणातून बाहेर पडून त्या थांबल्या आणि डोळे उघडून त्यांनी घड्याळात वेळ पाहिली.

तेवढ्यात त्यांना मी दिसलो. गडबडीने उतरल्या, पदर खोचला, कापड खाली ओढलं.

"गिऱ्हाईक येणार होतं गाडी बघायला," ताई म्हणाल्या. "म्हणून जरा बसून बघत होते, सीट नीट आहे का."

मी 'बरं' म्हणालो आणि पोचपावती त्यांच्या हातात दिली.